पानांचा पंचनामा

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी पक्की की कच्ची तेही विचारलं नाही. फाटकाच्या आतूनच त्यांनी एक प्रश्न टाकला.

"झाडाची आवड हाय काय तुमाले?"

फाटकाच्या गजांतून आतलं हिरवंगार दिसत होतं. हो म्हटलं तर घरमालक खूश होईल असं वाटलं. पण दिवसभर खोल्या बघून मी दमले होते आणि दमलेलं माणूस खरं बोलतं. "नाही," म्हटलं, "घरची तुळससुद्धा आईच बघते."

"हात दाखवा."

मी गजांतून हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून नखं पाहिली. नखांत माती नव्हती. मग दोन कुलपं उघडण्याचा आवाज झाला. "वरची खोली तुमची," ते म्हणाले.

आधी आलेल्या तिघांना त्यांनी परत पाठवलं होतं हे मला नंतर कळलं. त्यातल्या एकानं दारातच "वा, कामिनी काय जोरात आहे तुमची!" असं म्हटलं होतं. ज्याला कामिनी ओळखता येते त्याला तिची फांदीही मोडता येते, असं त्यांचं सरळ मत होतं.

मारेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, त्या दोन वर्षांतली ही गोष्ट. ते निवृत्त पोलीस जमादार. सगळं गाव त्यांना जमादारच म्हणायचं; मी काका म्हणायची. उंच, वाळलेले, अंगात पांढरी बंडी आणि खाली जुनी खाकी पँट. कमरेच्या पट्ट्याला कातड्याचं एक म्यान लटकायचं आणि त्यात छाटणीची कात्री असायची. काकू नागपूरला मुलाकडे राहायच्या. त्यांनी एकदा शेजारणीला क्रोटनचं एक रोप दिलं होतं, तेव्हापासून त्या नागपूरला आहेत असं लोक म्हणायचे. मला ते खरं वाटलं नव्हतं. महिनाभर तिथं राहिल्यावर वाटायला लागलं.

बाग घराच्या मागे होती. त्या बागेत गुलाब नव्हता, झेंडू नव्हता, देवाला वाहावं असं एकही फूल नव्हतं. होती ती सगळी झुडपं, आणि तीही पानांसाठी आणि फांद्यांसाठी लावलेली. कामिनी, क्रोटन, लाल पानांची अकॅलिफा, पिवळ्या पट्ट्यांचा ड्रेसिना, मोरपंखी. भिंतीवर शतावरी चढवलेली. हे सारं पुष्परचनेसाठी. वणीकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत साहेबांच्या बायकांच्या पुष्परचनेच्या स्पर्धा व्हायच्या. त्या बायका गाडी घेऊन जमादारांकडे फांद्या न्यायला यायच्या. फुलं कुठंही मिळतात, पण मारेगावच्या उन्हाळ्यात तजेलदार राहिलेलं पान फक्त इथं मिळतं, असं त्या म्हणायच्या.

"फूल म्हंजे फितूर साक्षीदार," काका सांगायचे. "आज एक बोलते, उद्या मान टाकते. पान जबानी बदलत नाही. आठ दिवस झाले तरी तेच सांगते."

गिऱ्हाईक बायकांवरही त्यांचा भरवसा नव्हता. फांदीचं टोक दगडानं ठेचून काका ते उकळत्या पाण्यात मिनिटभर धरायचे. "यानं फांदी जास्त दिवस टिकते बरं बाई," असं त्या बायकांना सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. मला मात्र एकदा हळूच म्हणाले, "अन् उकडलेल्या टोकाले मुळ्या फुटत नाही. घरी नेऊन लावतो म्हनंल तं लावून दाखवावं!"

झाडांची नावं ते कुणाला सांगत नसत. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पट्टी, तिच्यावर नुसता नंबर. कुणी फारच खोदून विचारलं तर बेधडक खोटं नाव सांगायचे. वणीची एक बाई वर्षभर नर्सरी-नर्सरीत 'बंगाली रानतूर' मागत फिरत होती. तो साधा ड्रेसिना होता.

मुलानं एकदा नागपूरहून कॅमेरा लावून द्यायचं काढलं. काकांनी साफ नाही म्हटलं. "कॅमेऱ्यातून मी पाहीन ते ठीक. पण त्याच्यातून आनखी कोन पाहून राह्यलं हे मले कोन सांगंल?"

पहिला महिनाभर माझ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रोज सकाळी चुलीतली राख भुरभुरलेली असायची. मी पहाटे बागेत उतरते का, हे त्यांना बघायचं होतं. मी राखेवर ठळक पाऊल देऊन कॉलेजला जायची. आधी राग आला, मग हसू आलं, मग त्या राखेची सवय झाली. सवय झाल्यावर तो रोग मलाही लागला. दोरीवरचे कपडे मी मोजून काढायला लागले. दूधवाला वर का बघतो, याचा विचार करू लागले. प्राचार्य "छान शिकवता" म्हणाले तर त्यांना माझ्याकडून कसलं काम हवंय, असं मनात यायचं.

माझा मोठा वैताग म्हणजे न्हाणीघर. ते एकच होतं, खालचं. तोडलेल्या फांद्या गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवायला तीच थंड जागा, त्यामुळे बादल्या कायम तिथं. मी अकॅलिफा आणि मोरपंखीच्या मध्ये उभी राहून आंघोळ करायची. एकदा बादली कलंडली आणि फांद्या माझ्या अंगावर आल्या. मी त्या उचलून पुन्हा जशा होत्या तशा उभ्या केल्या आणि काही न बोलता बाहेर आले. काकांनी आत जाऊन पाहिलं. संध्याकाळी मला खाली हाक आली.

"तुमी 'कित्ती सुंदर' नाही म्हनलं," ते म्हणाले.

"कशाला म्हणू? पायावर बादली पडली माझ्या."

"बसा. शिकवतो तुमाले. ज्याले आवड नाही त्याले शिकवाले धोका नसते."

अशी मी पुष्परचना शिकले. त्यांनी ती कुठं शिकली, तेही तेव्हाच कळलं. नोकरीत असताना कुठल्याशा मंत्र्याच्या दौऱ्यासाठी त्यांचा एका विश्रामगृहावर बंदोबस्त लागला होता. टेबलावर एक उथळ ताटली, तिच्यात तीन फांद्या आणि दोन फुलं. फांद्या तिरप्या, पण उभ्या. जमादार चार तास समोर उभे राहून तेच बघत होते. ताटलीत दोन बोटं पाणी. मग फांद्या पडत का नाहीत? त्यांना संशय आला. शेवटी त्यांनी ती रचना उचकटली. खाली पानांत झाकलेली लोखंडाची जड चकती निघाली आणि तिच्यावर उलटे खिळेच खिळे.

"लोखंड, खिळे, अन् तेही लपवलेले," काका म्हणाले. "मंत्री तं रस्त्यात. तुमीच सांगा मॅडम, मानसानं काय समजावं?"

त्यांनी शिट्टी फुंकली. साहेब धावत आले, त्यांनी चकती पाहिली आणि कपाळावर हात मारला. गाड्या वीस मिनिटांवर होत्या. "होतं तसं करून ठेव!" साहेब ओरडले. जमादारांना ते जमेना. एक फांदी उभी केली की दुसरी आडवी व्हायची. शेवटी विश्रामगृहाचा म्हातारा खानसामा आला. त्यानं फांदी वाकडी खोचली, मग बोटानं सरळ दाबली. तीन दाबांत तिन्ही उभ्या.

"पस्तीस वर्सं खाकीत काढली," काका सांगायचे, "पन तसा बंदोबस्त मी पाह्यला नाही. मंत्री आले, बसले, गेले. एकबी फांदी जागची हालली नाही." पुढं जिथं जिथं ड्युटी लागली तिथल्या विश्रामगृहात ते आधी खानसाम्याला शोधायचे.

मला त्यांनी रचनेच्या आधी कापणं शिकवलं. कोवळ्या झुडपाला दोन वर्षं हात लावायचा नाही. नंतर दरवर्षी तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. सकाळी ऊन चढायच्या आत कापायचं. आणि काप कसा?

"आदी डोळा पाहा," पानाच्या बगलेतला बारीक कोंब बोटानं दाखवत ते म्हणायचे. "भायेर तोंड असलेला डोळा. त्याच्या बोटभर वर, तिरपा काप. पानी डोळ्यावर नाही साचलं पायजे, मांगं वाहून गेलं पायजे. सरळ कापते तो घाईतला मानूस. मोडते तो चोर."

बागेत जाऊ शकणारं तिसरं माणूस म्हणजे रंजना. गावाबाहेरच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, ती चालत यायची. सकाळी नऊच्या सुमारास जमादारांकडे झाडलोट आणि झाडांना पाणी, मग गल्लीतल्या दोन घरी धुणीभांडी. एक घर समोरच्या किराणा दुकानदाराचं, दुसरं शेजारच्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंचं. पहिले तीन महिने काका तिच्या बादलीमागून झाडाझाडापर्यंत चालायचे. ती काही मनावर घ्यायची नाही. एकदा सतरा नंबरच्या झाडापाशी थांबून तिनं विचारलं, "ह्याले काय म्हनते जी?"

"तुले कायले पायजे नाव?"

"चांगलं असलं तं नातीचं ठेवतो."

मी जिन्यात बसून हसले. काका हसले नाहीत.

सतरा नंबर म्हणजे अरेलिया. पानं झालरीसारखी बारीक कातरलेली आणि प्रत्येक पानाला पांढरी कड. कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याकडून काकांनी तिची काडी मिळवली होती. हिरव्या जाळीखाली, सकाळचं तेवढं ऊन देऊन, ओलं पोतं गुंडाळून त्यांनी ती इथल्या उन्हाळ्यांतून जगवली. वर्षातून एकदा, वणीच्या मोठ्या स्पर्धेसाठी, ते तिची एक फांदी काढायचे, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

त्या नोव्हेंबरात आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही त्या जमादारांकडे राहता ना? टेबलावर काहीतरी बघण्यासारखं ठेवा." तासिकेवरच्या माणसाला अशी वाक्यं फार मोठी वाटतात. त्या खोलीत माझं नाव घेतलं जाईल, कुणीतरी लक्षात ठेवेल, पुढच्या वर्षी कदाचित पक्कं होईल, असं सगळं मी जिना चढेपर्यंत रचून टाकलं.

काकांना विचारलं, "सतरा नंबरची एक फांदी द्याल?"

"सतराले हात नाही. कामिनी न्या. तीन फांद्या."

तीन म्हणजे तीन. त्यांनी स्वतः कापून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते वणीला बँकेत गेले, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. फाटकाची एक किल्ली माझ्याकडे असायची, दुसरी त्या दिवसापुरती त्यांनी रंजनाला दिली होती. दरवर्षी त्यांना त्या दाखल्याचा राग यायचा. "मी जिवंत हाओ याचा मले पुरावा द्या लागते," फाटकाला कुलूप लावता लावता म्हणाले, "मंग दुसऱ्यानं कायले नाही द्यावा?"

एसटी गेल्याचा आवाज आला आणि मी बागेत उतरले. माझ्या हातात माझीच कात्री होती, त्यांनीच आणून दिलेली. मनाशी म्हटलं, एका फांदीनं काय होतं, झाड पुन्हा फुटेल. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. मी मधली, सरळ वर गेलेली फांदी कापली. अर्धं मिनिटही लागलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर वर्तमानपत्र लपेटून मी कॉलेजला गेले.

रचना सुंदर झाली. समितीचे एक सदस्य चष्मा काढून जवळ गेले आणि "हे कुणी केलं?" असं त्यांनी विचारलं. प्राचार्यांनी माझ्याकडे हात केला. त्या कॉलेजात मी इतकी आनंदी कधीच नव्हते. संध्याकाळी शिपायानं टेबल आवरताना ती फांदी खिडकीतून मागच्या उकिरड्यावर टाकली. मी खिडकीतून वाकून बघितलं, पण खाली गेले नाही.

घरी आले तर फाटक सताड उघडं. तसं मी ते कधीच पाहिलं नव्हतं. मागे अरेलियाभोवती खडूपावडरीचं गोल रिंगण, एका पावलाच्या ठशावर उलटं घमेलं. किराणावाले आणि पर्यवेक्षिकाबाई अवघडून उभे. काकांनी त्यांना पंच म्हणून बोलावलं होतं.

"रंजना," काका मला म्हणाले. "मी सकाळी नव्हतो. तुमी कॉलेजात. बागेत तेच एकटी. पाऊल बी तिचंच हाय."

"पाणी घालायला आली असेल तर पाऊल तिचंच असणार ना, काका."

"तिनं नाव इचारलं होतं. तवाच मले खटकलं होतं. नाव इचारते तो झाड इकाले पाह्यते."

तिला दुपारीच बोलावून, दोन्ही शेजाऱ्यांसमोर चोर म्हणून, उद्यापासून येऊ नको असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावर किराणावाल्यांची बायको म्हणाली होती, "आमच्याही घरी भांडीकुंडी उघडीच असतात बापा." पर्यवेक्षिकाबाईंनी मान हलवली. एका दुपारी रंजनाची तिन्ही घरं गेली.

 मी वर गेले आणि साबणानं हात धुतले. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या उजाडला, तेव्हा काकांचा चेहरा असा होता की परवावर ढकललं. खोली जाईल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, कॉलेजात कळलं तर प्राचार्य काय म्हणतील, अशी एकेक कारणं मी गोळा करत गेले. पंधरा दिवस गेले. ते पंधरा दिवस काका माझ्याशी फार चांगलं वागले. "आता बागेत तुमी अन् मी," असं म्हणाले. राख टाकणं तर त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

आठवडी बाजारात रंजना समोर आली. कापूस वेचायला जात होती. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडली होती.

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाय," ती म्हणाली. "तुमी तरी सांगा त्याइले. मी पान कायले चोरू जी? माह्या घरी काय गुलदस्ता ठेवाले टेबल हाय? वेचनी दोन म्हैन्याची. मंग कोन्या घरी जाऊ? पोडावरच्या दुसऱ्या बायाइले बी आता इचारून राह्यले लोक, तुमी त्या रंजनाच्या कोन म्हनून."

मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना सांगितलं. ते मोरपंखी छाटत होते. मी सगळं एका दमात सांगितलं: एसटी गेल्यावर उतरले, मधली फांदी, ओलं फडकं, समिती, उकिरडा.

त्यांनी कात्री म्यानात घातली. मला वाटलं, आता ओरडतील.

"रंजना भेटली होती ना तुमाले?" ते म्हणाले.

"हो, काल. बाजारात."

"रडली असंल."

"नाही रडली."

"तुमचं मन मऊ हाय मॅडम. तिनं पटवलं तुमाले. माहं तं आयुष्य गेलं याच्यात. एक गुन्हा करते अन् दुसरा दया येऊन आपल्यावर घेते."

"काका, फांदी मी कापली!"

"फांदी कुठं हाय मंग?"

"टाकली. शिपायानं टाकली."

"पाहा," ते समाधानानं म्हणाले. "मुद्देमाल नाही. साक्षीदार नाही."

त्यांनी मला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि उलटतपासणी घेतली. किती वाजता, कोणत्या बाजूनं गेले, फांदीवर पानांचे किती झुबके होते. मी सगळं सांगितलं. प्रत्येक उत्तरावर ते म्हणायचे, "हे तिनं बी सांगतलं असंल तुमाले." माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं खरं सांगितलं नव्हतं, आणि कुणी मला इतकं खोटं पाडलं नव्हतं. शेवटी मी उठले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना अरेलियापाशी नेलं.

"काप बघा," मी म्हटलं.

खुंटावर बाहेर तोंड केलेला डोळा होता. त्याच्या बोटभर वर तिरपा काप, पाणी मागे वाहून जाईल असा. डोळा पंधरा दिवसांत फुगून फुटायला आला होता.

"रंजनाकडे विळा आहे, काका. तिनं घेतली असती तर मोडून घेतली असती. असं कापायला तुम्ही कुणाला शिकवलंत?"

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग तिथंच वाफ्याच्या दगडावर बसले.

"पयल्याच दिवशी दिसलं होतं मले," ते म्हणाले. "घमेलं झाकाच्या आदीच."

"मग?"

"तुमचं नाव मनात येऊ देल्लं नाही. तिचं आलं तं येऊ देल्लं." खुंटावर बोट ठेवत म्हणाले, "नोकरीत बी असंच करत जावो आमी. ज्याचं नाव घ्याले सोपं, त्याच्या दारात आदी."

मग ते माझ्यावर ओरडले. ते ओरडणं मी इथं लिहीत नाही. माझ्यासाठी ते कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ऑटोनं पोडावर गेलो. सारवलेली स्वच्छ अंगणं, ओळीनं घरं. रंजना वेचणीला निघायच्या बेतात होती. काकांना बघून ती थांबली, पण तिनं बस म्हटलं नाही. काकांनी टोपी काढली. पाठ केल्यासारखं म्हणाले, "रंजना, फांदी तू नाही नेली. माही चूक झाली."

"मी नेली होती," मी म्हणाले. "पंधरा दिवस गप्प राहिले."

आजूबाजूच्या दोन-तीन बायका जवळ आल्या. रंजनानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं.

"इथं कायले सांगता?" ती म्हणाली. "इथं तं मले कोनीच चोर म्हनलं नाही. जिथं म्हनलं तिथं सांगा."

"गल्लीत?" काकांनी विचारलं.

"मंग? मी येतो संगं. ऑटोत बसू काय?"

ती मध्ये बसली.  कुणाच्या घरी पाय न ठेवणारे जमादार त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारात उभे राहिले. कडी वाजवायची, माणूस बाहेर आलं की म्हणायचं, "रंजनानं माहं काही नेलं नाही. मी खोटा आळ घेतला." ठाण्यात हजेरी द्यावी तशा आवाजात. रंजना त्यांच्या शेजारी पदर खोचून उभी. पर्यवेक्षिकाबाई ओशाळल्या, "आम्हांला वाटलंच होतं," म्हणाल्या. रंजनानं विचारलं, "मंग कायले बंद केलं जी?" बाई पदर सावरत आत गेल्या.

शेवटी किराणा दुकान. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. काकांनी वाक्य म्हटलं. दुकानदारानं काटा थांबवला.

"असं काय जमादार. मंग कोनं नेली फांदी?"

मी दोन पावलं मागे होते. काकांनी मान वळवली नाही.

"तपास चालू हाय," ते म्हणाले.

मला वाचवायला ते खोटं बोलत होते. एवढं होऊनसुद्धा. रंजना मात्र वळली आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मी नेली," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाले, "फांदी मी कापली."

चार गिऱ्हाइकांपैकी दोन माझ्या विद्यार्थिनींच्या आया होत्या.

खोली गेली नाही. नोकरी पक्की झाली नाही, पण ती फांदीमुळं नव्हे. ती तशीही होणार नव्हती. जूनपर्यंत मी तिथंच राहिले. काकांनी मला पुन्हा कापायला बोलावलं नाही आणि मी गेले नाही. रंजनाला किराणावाल्यांनी आणि पर्यवेक्षिकाबाईंनी परत बोलावलं. ती दोन्हीकडे जायला लागली. जमादारांकडे गेली नाही. त्यांनी माझ्याकरवी तीनदा निरोप पाठवला. शेवटी स्वतःच कंबर धरून बादल्या वाहायला लागले.

फेब्रुवारीत एकदा कॉलेजला निघताना ती मला गल्लीच्या तोंडाशी भेटली.

"रंजना, येऊन जा ना एकदा," मी म्हणाले. "काकांची पाठ फार दुखते."

"पाहून राह्यली ना मी," ती म्हणाली. "काल पानी टाकत होते. मी फाटकाजवळून चालली तं बादली तशीच सोडून अंदर पयाले. लाजते मानूस." ती हसली. पुष्कळ दिवसांनी तिला हसताना पाहून मीही हसले.

"मग जाशील?"

"जाईन जी कवातरी. झाडाइचा काय गुन्हा हाय? पन आत्ता नाही. लाजू द्या त्याइले आनखी काई दिवस." पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती पुढं निघाली. दोन पावलांवर थांबली आणि मागे वळून म्हणाली, "अन् मॅडम, तुमी बी लाजा."